रंजूची गालफुगी

त्या वर्षी आमच्या गावात गालफुगीची साथ आली होती. आसेगावपासून कोसभर आत, पन्नास-साठ घरांची आमची वस्ती. एका घरातलं लेकरू खोकलं की आठ दिवसांत सगळी गल्ली खोकायची. गालफुगीचंही तसंच झालं. आधी शेजारच्या सुभद्राकाकूंची दोन्ही लेकरं, मग वरच्या आळीतली, मग शाळेतल्या निम्म्या पोरी. सगळ्यांच्या गालांना गेरूचा लेप आणि हनुवटीखालून डोक्यावर बांधलेलं जुन्या लुगड्याचं फडकं. अशी सात-आठ लेकरं ओळीनं पारावर बसली की येणाऱ्या-जाणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. माझी धाकटी बहीण रंजू त्या ओळीतली सगळ्यांत लहान, पाच वर्षांची. तिचा एकच गाल सुजला होता, डावा, कानाच्या पाळीखाली. "एकाच बाजूनं आली, बरं झालं," माय म्हणाली. "अर्धाच तरास."

पंधरा दिवसांत सगळ्यांची फडकी सुटली. पोरं पुन्हा बोरं पाडायला रानात गेली. रंजूचं फडकं सुटलं तरी गाल होता तसाच राहिला. दुखत नव्हता, ताप नव्हता, त्यामुळे कोणाला घाईही नव्हती. माय रोज सकाळी लेप उगाळायची आणि रंजू तो वाळून तडकेपर्यंत हलायची नाही. तडकला की नखानं खपल्या काढायची आणि मला दाखवायची, "अक्का, हे पाय, माहा गाल सोलला."

आमच्या दोघींत दहा वर्षांचं अंतर होतं. मधली दोन जगली नव्हती. त्यामुळे रंजू ही मायची जेवढी लेक तेवढीच माझी. तिला मी कडेवर वाढवली. आमचं घर कुडाचं, वर कवेलूंचं छप्पर, पुढं ओसरी आणि ओसरीच्या टोकाला दोन बैल. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानांवर यायची ती मायच्या भाकरीची थाप, आणि तिच्या मागोमाग गावातल्या डिझेलच्या गिरणीचं पुकपुक. गिरणी सुरू झाली म्हणजे शाळेला दीड तास उरला, असं माझं घड्याळ होतं. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा यायच्या. मग ओसरीत बसून आम्ही दोघी सोले काढायचो आणि माय त्यांची लसूण-मिरची घालून भाजी करायची. रंजू निम्मे सोले कच्चेच खायची. आज मी कुठंही असले, आणि कोणाच्या चुलीवर सोल्यांना फोडणी बसली, की मला तिच्या हिरव्या झालेल्या बोटांची आठवण होते. मग मी त्या घरात जेवायला थांबत नाही. मी नर्स, त्यामुळे लोकांना वाटतं, सिस्टरला आपल्या घरचं चालत नाही. वाटू देते.

पहिली शंका आली ती मला. आम्हा दोघींचा कानगोष्टीचा खेळ होता. मी तिच्या कानात काहीतरी सांगायचं आणि तिनं ते मायला जाऊन सांगायचं. एके दिवशी मी डाव्या कानाशी तोंड नेलं तशी ती वळली आणि म्हणाली, "ह्या कानात नाई, अक्का. हा कान झोपला." मी हसले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग एका दुपारी ती माझ्या मांडीवर झोपली असताना पाहिलं, उजवा डोळा मिटलेला आणि डावा थोडासा उघडा, आत पांढरं दिसत होतं. मी मायला हाक मारली. मायनं पापणी बोटानं हलकेच खाली ओढली. बोट काढलं तशी ती पुन्हा वर गेली. त्या संध्याकाळी रंजू कशावरून तरी खदखदून हसली, तेव्हा तिचं तोंड एकाच बाजूला गेलं. माय उठून आत गेली.

आमच्या जवळच्या मालेगावच्या डॉक्टरांनी महिनाभर सुया दिल्या. गाठ क्षयाची असेल, असं त्यांना वाटलं. गालातली गाठ तेवढ्यात लिंबाएवढी झाली. मग बानं वाशीमला नेलं, लहान लेकरांच्या डॉक्टरांकडे. मीही गेले होते, कारण रंजू माझ्याशिवाय कोणाला तोंड उघडून दाखवत नव्हती. त्या डॉक्टरांनी तिला बराच वेळ पाहिलं. गाल फुगव म्हणाले, भुवया वर कर म्हणाले, तिला जमेना. त्यांनी औषध लिहिलं नाही. चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "ही चिठ्ठी घ्या आणि नागपूरला मोठ्या दवाखान्यात जा. पेरणी-बिरणी पाहू नका. उद्याच जा."

नागपूरला गाठीचा तुकडा काढला. आठ दिवसांनी एका डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना खोलीत बसवलं. त्यांच्या तोंडून तो शब्द आला तसा बा खुर्चीत पुढं सरकला. मग त्यानं बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे मी खातो, बाई. वीस वर्सं झाले. लेकरानं कधी हात नाई लावला. तिले कसा होईन कॅन्सर?"

"हा तंबाखूचा नाही," बाई म्हणाल्या. "हा लहान लेकरांनाच होतो. फार थोड्यांना होतो. चेहऱ्यात, मानेत, डोळ्यामागे, कुठंही उगवतो. का होतो ते आम्हालाही माहीत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

"कोनाचं तं चुकलंच असन," बा म्हणाला.

डबी त्यानं परत घेतली नाही. त्यानंतर त्यानं तंबाखूला कधी हात लावला नाही. मला वाटतं, त्याला तो एक सौदा वाटत होता. आपण एवढं सोडलं तर तिकडून कोणीतरी तेवढं सोडेल, असं काहीतरी.

बा शेतीसाठी परत गेला. माय, मी आणि रंजू दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिलो. मायला पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून माझी नववी अर्ध्यात सुटली. कोणता कागद कोणत्या खिडकीत, कोणती गोळी जेवणाआधी, हे सगळं माझ्याकडे आलं. पंधरा वर्षांची मी आठ दिवसांत त्या दवाखान्याची झाले. वार्डात सगळी लेकरंच होती. कोणाचा डोळा काढलेला, कोणाचा जबडा सुजलेला, कोणाच्या मानेला दोन्ही बाजूंनी गाठी. आपल्या घरावरच हे आभाळ कोसळलंय असं समजून आम्ही आलो होतो, आणि इथं खाटेला खाट लागून तेच. फार थोड्यांना होतो असं बाई म्हणाल्या होत्या, पण ते थोडे सगळे इथंच जमले होते. शेजारच्या खाटेवर यवतमाळकडची एक पोरगी होती, जबड्याला गाठ आलेली. तिची आई मायला म्हणाली, "माहं ऐकशीन का वं? मधात सोडू नको. आमी सोडलं. गाठ गेली म्हून घरी बसलो. आता पाय." मायनं त्या बाईचा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

रंजूला सुया आणि शेक, दोन्ही लागणार होते. शेक म्हणजे मशीनचा, त्यात काही दिसत नाही, भाजत नाही, फक्त हलायचं नाही. तिच्या गालावर जांभळ्या शाईनं रेघा काढल्या आणि धुवायच्या नाहीत म्हणून बजावलं. अडचण एकच होती. त्या खोलीत तिला एकटीला ठेवून जाड दार लावून घ्यायचे. पहिल्या दिवशी ती इतकी ओरडली की मशीन सुरूच करता आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मशीनवाल्या दादांनी मला आपल्या खोलीत बोलावलं, समोर एक माइक ठेवला आणि म्हणाले, "तू बोल. तिला आत ऐकू जाईल. पण तिला हसवू नको, हलेल." मला काय बोलावं सुचेना. मग मी आमच्या घराच्या दारातून निघाले. "रंजू, आता आपण ओसरीतून खाली उतरलो. बैलाच्या शेपटाले हात नको लावू. आता सुभद्राकाकूचं घर आलं, काकू शेण सारवून राह्यली, तिच्या अंगणात पाय नको देऊ. आता पार आला..." असं करत करत मी तिला विहिरीपर्यंत नेलं. तोवर शेक झाला. काचेतून पाहिलं तर ती दगडासारखी स्थिर पडली होती. बाहेर आली आणि म्हणाली, "अक्का, उद्या वावरात नेशीन?" पुढचे पाच आठवडे मी तिला रोज कुठं ना कुठं नेत होते.

तोंड आतून सोलून निघालं तेव्हा तिला काही गिळवेना. माय धर्मशाळेच्या स्टोव्हवर ज्वारीच्या कण्या शिजवायची, ताक घालून पातळ करायची आणि चमच्याच्या टोकानं घालायची. रंजू रडत गिळायची आणि म्हणायची, "मले ठेचा पायजे." केस गेले. हात काडीसारखे झाले. पण गाल दर आठवड्याला कमी होत गेला. एका सकाळी मी तिचं तोंड पुसत होते आणि एकदम लक्षात आलं की दोन्ही गाल सारखे आहेत. मी मायला म्हटलं, मायनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरून पाहिलं आणि तिथंच खाटेवर बसली.

आम्ही गावी आलो तेव्हा सगळं गाव पाहायला आलं. बाया तिचा गाल चाचपून पाहत. डॉक्टरबाईंनी मात्र येताना मला कार्ड दिलं होतं. त्यावर चौकटी होत्या. "दर तीन आठवड्यांनी सुई. वर्षभर," त्या म्हणाल्या होत्या. "गाठ दिसत नाही म्हणजे संपली असं नाही. तू शहाणी आहेस, तू घरच्यांना सांग." मी सांगितलं. पहिल्या चार वेळा आम्ही गेलोही. पण एकेक खेप आधीच्या खेपेहून कठीण होती. शिरा सापडायच्या नाहीत. दोघी नर्सा तिला धरायच्या, तिसरी टोचायची. परत येताना एसटीत ती सगळ्या रस्त्यानं ओकायची, बाकीचे लोक उठून मागं जाऊन बसायचे. घरी आल्यावर आठ दिवस खाणं नाही. जरा उभी राहिली, की पुढची तारीख यायची.

पाचव्या खेपेची सकाळ मला जशीच्या तशी दिसते. मायनं पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, मिरचीची चटणी केळीच्या पानात बांधली होती. वायरची पिशवी भरून ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवली होती. रंजूच्या डोक्यावर बोटभर नवे केस आले होते, मायनं त्यांना तेल लावलं होतं. आणि निघायच्या वेळी रंजू सापडेना. आम्ही घर पाहिलं, सुभद्राकाकूंचं घर पाहिलं, पार पाहिला. शेवटी मला ती गोठ्यामागं कडब्याच्या आत सापडली. पेंढ्या ओढून तिनं स्वतःला झाकून घेतलं होतं. मला पाहून ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "अक्का, तू मले पायलं नाई असं सांग."

मी तिला उचलून ओसरीत आणलं. तिनं माझ्या मानेला अशी मिठी घातली होती की मला श्वास घेता येत नव्हता. बा धोतर नेसून, टोपी घालून तयार उभा होता. त्यानं रंजूकडे पाहिलं, मग मायकडे, मग माझ्याकडे.

"विमल, तू होती तथी. तुले सारं समजते. तू सांग. न्याची का इले?"

आजवर घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं? आणि आता सगळे माझ्याकडे पाहत होते. मला कार्डावरच्या चौकटी दिसत होत्या. यवतमाळच्या बाईचं बोलणंही आठवत होतं, मी विसरले होते असं नाही. पण माझ्या मानेशी रंजूचा श्वास लागत होता. आणि आणखीही एक गोष्ट होती, ती आजवर मी कोणाला सांगितली नाही. पुढच्या आठवड्यात माझी नववीची परीक्षा होती. हेडमास्तरांनी मोठ्या मनानं बसू दिलं होतं. पास झाले तर वाशीमला मामाकडे राहून पुढं शिकायचं असं ठरलं होतं. नागपूरला गेले की ते हुकलं असतं. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि मी म्हणाले, "राहू द्या, बा. गाठ कुठं हाय आता? बरी झाली ना ते."

बानं टोपी काढून खुंटीला अडकवली. माय उंबऱ्यावर बसली होती, ती उठली. तिनं पिशवी आत नेली नाही, तिथंच ओसरीत उपसली. धोतर, लुगडं, रंजूचे दोन झगे, तांब्या. दशम्यांचं फडकं सोडलं, एक दशमी काढली आणि रंजूच्या हातात दिली.

त्यानंतरचे चार-पाच महिने आमच्या घरातले सगळ्यांत चांगले दिवस होते, हेही लिहिलं पाहिजे, नाही तर खोटं होईल. रंजू पहिलीत बसायला लागली. पाटीवर 'र' काढून घरभर दाखवत फिरायची. ठेचा खायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि पुन्हा मागायची. मी पास झाले. त्या दिवसांत मला वाटायचं, बरंच केलं आपण.

मी वाशीमला मामाकडे असताना बाचा निरोप आला. रंजूचं डोकं दुखत होतं. उशीवर रक्त दिसलं, कानातून आलेलं. मी गेले तेव्हा मानेत दोन्हीकडे मण्यांसारख्या गाठी लागत होत्या. नागपूरला त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी कार्ड मागितलं. चार चौकटींवर शिक्के, पुढच्या सगळ्या कोऱ्या. त्यांनी ते कार्ड बराच वेळ हातात धरलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आतून डोक्याकडे गेलाय," त्या म्हणाल्या, "आणि फुप्फुसातही पसरलाय. आता सुया देऊन तिला त्रासच होईल. दुखणं कमी राहील असं औषध देते. घरी न्या." मायनं विचारलं, "तवाच आणलं असतं तं?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "ते कोणालाच सांगता येणार नाही."

रंजू पोळ्यानंतर गेली, भर दुपारी. गिरणी चालू होती. माय तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि मी पाय चेपत होते. तिला दोन्ही कानांनी ऐकू येणं बंद झालं होतं, त्यामुळे कोणी काही बोलत नव्हतं. मी पायावरून हात फिरवत राहिले, आणि माय म्हणाली, "विमल, राहू दे आता."

पुढं मी नर्स झाले. तीस-बत्तीस वर्षं याच जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर काढली. आता शाळेशाळेत तपासणीच्या गाड्या येतात, फोनवर फोटो पाठवून मोठ्या डॉक्टरांना विचारता येतं. तेव्हा यातलं काही नव्हतं. कोणाही लेकराचा गाल सुजला की मी पंधराव्या दिवशी पुन्हा त्यांच्या दारात उभी. बहुतेक वेळा साधी गालफुगीच निघायची. मालेगावकडची एक बाई तर हसून म्हणाली होती, "सिस्टर, तुमाले माह्या पोट्टीच्या गालाचा मोठा लोभ हाय बाप्पा." मीही हसले. एकदा एका डॉक्टरांना, दुसऱ्या कोणाचं म्हणून, मी सगळं सांगितलं आणि विचारलं. ते म्हणाले, "त्या काळी कानाजवळचा हा रोग सगळ्या सुया घेऊनही परतायचा, सिस्टर. सांगता येत नाही." त्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मायनं मला मरेपर्यंत एकदाही बोल लावला नाही. तिनं लावला असता तर मला भांडता आलं असतं. बासुद्धा काही बोलला नाही, पण त्याचं आयुष्य लांबलं. शेवटच्या वर्षी तो अंथरुणाला खिळला, तेव्हा मी रजा काढून गावी राहिले. एका सकाळी मी त्याला चहा पाजत होते. त्यानं बशी बाजूला सारली.

"विमल, त्या दिवशी म्या तुले इचारलं होतं ना? रंजूले न्याचं का म्हून."

"हो, बा."

"म्या ठरवलं होतं आधीच. नाई न्याचं. तिले कडब्यातून काढलं न तू, तवाच ठरवलं. मले पाहवत नव्हतं. पर तुह्या मायपुढं बोलाची हिंमत नव्हती माही. म्हून तुह्यावर टाकलं." तो दमला, थांबला. "तू ने म्हणली असती तरी म्या नेली नसती."

मी कपबशी उचलली आणि बाहेर आले. मला रडू आलं नाही. राग आला. सगळी उमर मी 'राहू द्या, बा' हे एक वाक्य घेऊन जगले होते. लग्न ठरलं तेव्हा, माझी मुलगी जन्मली तेव्हा, दर लेकराचा गाल चाचपताना. आणि ते माझं नव्हतंच, निदान माझं एकटीचं नव्हतं. ते त्याला ठाऊक होतं, आणि तो रोज माझ्यासमोर जेवला, उठला, झोपला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. जेवण भरवलं, अंग पुसलं, कूस बदलली. त्यानं काही मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन ओसरीत आलं होतं. तो पांघरुणावर हात ठेवून पडला होता. नखं वाढली होती, पिवळी, जाड, कडांना वळलेली. चादरीच्या सुतात अडकत होती. मी कोमट पाण्याचं भांडं आणि ब्लेड घेऊन त्याच्याजवळ बसले. तो माझ्याकडे पाहत राहिला.

"हात दे, बा," मी म्हणाले.

त्यानं हात पुढं केला.